बोगद्याची दोन तोंडं आणि सात नंबरची मेमरी

प्रिय ईरा आणि निखिल,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ईराने मला विचारलं, "आजी, प्रोग्रॅममधलं फंक्शन म्हणजे काय, तुला सांगू?" मी म्हटलं, मला माहीत आहे, आमच्या वेळी त्याला सबरुटीन म्हणायचे. त्यावर निखिल हसला. त्याला वाटलं, आजी थट्टा करते आहे. त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतला एखादा अनुभव लिहून मागितला. मी होकार दिला, पण लिहीन ते नातवंडांना उद्देशून, अशी अट घातली. तेव्हा हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तर हरकत नाही.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. म्हणजे कालवे, बंधारे, पूल यांचे नकाशे काढायचे आणि त्यामागचे हिशेब करायचे. मांजरसुंब्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचा कॅम्प होता: पत्र्याच्या चार खोल्या, एक विहीर, एक लिंबाचं झाड. कालवा डोंगरापलीकडे न्यायचा होता आणि त्यासाठी बोगदा खणणं चाललं होतं. कॅम्पपासून बोगदा अकरा किलोमीटर, रस्ता कच्चा, फोन नाही.

एक दिवस आमच्या मोठ्या साहेबांनी एक सायंटिफिक कॅलक्युलेटर आणला. हा साधा नव्हता, त्याला प्रोग्रॅम देता यायचा. सोबत दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. कचेरीत ते सगळ्यांच्या टेबलांवरून फिरलं आणि शेवटी माझ्या टेबलावर येऊन थांबलं, कारण माझं शिक्षण मिशनच्या शाळेत इंग्रजीतून झालेलं आणि बी.एस्सी. गणितात. मी ते पुस्तक पंधरा दिवसांत वाचून काढलं, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि यंत्र माझ्या ताब्यात आलं. गावात बातमी गेली की बाईंच्या यंत्रात सगळं निघतं. एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. गुण जुळतात का, तेवढं बघा म्हणाले. मी म्हटलं, यात फक्त साइन, कॉस आणि टॅन निघतं. ते म्हणाले, "तेवढं तरी काढून द्या."

आता सबरुटीन. स्वयंपाकाच्या वहीत आपण प्रत्येक भाजीखाली फोडणीची कृती पुन्हा लिहीत नाही. फोडणी तिसऱ्या पानावर एकदाच लिहितो, आणि बाकी सगळीकडे "फोडणी करून घ्या" एवढंच लिहितो. वाचणारी तिसऱ्या पानावर जाते, फोडणी करते आणि जिथून गेली होती तिथे परत येते. सबरुटीन म्हणजे ते तिसरं पान. माझ्या कॅलक्युलेटरमध्ये जागा फार थोडी होती. दाबलेली प्रत्येक कळ म्हणजे एक पायरी, आणि पायऱ्या संपल्या की संपल्या. त्यामुळे जो हिशेब दोनदा करायचा असेल, तो सबरुटीनमध्ये टाकल्याशिवाय भागत नसे.

आणि आकडे ठेवायला दहा मेमऱ्या होत्या, शून्य ते नऊ. त्या घरातल्या दहा वाट्या समजा. मुख्य कृतीलाही त्याच वाट्या आणि फोडणीलाही त्याच. तुम्ही सात नंबरच्या वाटीत चिंचेचा कोळ काढून ठेवलात आणि फोडणीच्या पानावर "सात नंबरच्या वाटीत तेल घ्या" असं लिहिलेलं असेल, तर कोळ गेला. स्वयंपाकघरात ते डोळ्यांना दिसतं. यंत्रात दिसत नाही. यंत्र मुकाट्याने तेलालाच कोळ समजून पुढे जातं.

बोगदा दोन्हीकडून खणत होते. पूर्वेकडच्या तोंडाला कामगार 'उगवती' म्हणायचे, पश्चिमेकडच्या तोंडाला 'मावळती'. खडकात भोकं पाडायची, त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, सुरुंग उडवायचा, दगड बाहेर काढायचा, की पुन्हा भोकं. सुरुंग उडताना त्या बाजूची माणसं बाहेर येत. दुसऱ्या बाजूची आतच काम करत, कारण मध्ये डोंगर होता. पण मधला खडक पंधरा मीटरच्या आत आला की नियम बदलायचा: कुठल्याही बाजूचा सुरुंग असो, दोन्ही बाजूंची माणसं बाहेर.

तर मध्ये खडक किती उरला, हे सांगणं माझं काम. दर शनिवारी संध्याकाळी दोन्ही तोंडांवरून चिठ्ठी यायची. शेवटच्या पक्क्या खुंटीपासून, म्हणजे मोजणीच्या खुणेपासून, खडकापर्यंत टेपने मोजलेलं अंतर, चढ-उताराचा कोन, असे आकडे त्यात असत. मी ते यंत्रात भरायचे. टेप तिरकी धरलेली असते, तिचं आडवं अंतर काढावं लागतं. ते दोन्ही बाजूंसाठी करायचं, म्हणून ते सबरुटीनमध्ये. आधी उगवतीचं अंतर काढून सात नंबरच्या मेमरीत ठेवायचं, मग मावळतीचं काढायचं, आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्यांमधल्या अंतरातून दोन्ही वजा करून उरलेला खडक. उत्तर दोन दशांशांपर्यंत यायचं. दोन्हीकडून खणलेला बोगदा मध्ये नीट जुळायला हवा असेल, तर तेवढं बारीक लागतंच.

एका आठवड्यात साहेबांनी एक सुधारणा सांगितली. उन्हाळा कडक होता आणि पोलादी टेप तापून लांब होते. काही मिलिमीटरचाच फरक पडतो, पण तोही धरावा म्हणाले. मी तो सबरुटीनमध्ये घातला. त्यासाठी टेपचं अंतर एका मेमरीत क्षणभर ठेवावं लागत होतं. कुठल्या मेमरीत काय आहे, याच्या नोंदीचं सबरुटीनसाठी माझं एक वेगळं कार्ड होतं आणि मुख्य प्रोग्रॅमचं वेगळं. दोन्ही कार्डं सुवाच्य अक्षरात, एकेका पाकिटात. सबरुटीनच्या कार्डावर सात नंबर रिकामा दिसला, म्हणून मी सात घेतला. दुसरं कार्ड पाकिटातून बाहेर काढलंच नाही.

तपासलं नाही असं मात्र नाही. तपासल्याशिवाय मी काही वापरत नसे. उगवती पाच मीटर, मावळती पाच मीटर, असे सुटसुटीत आकडे घालून बघितलं. उत्तर बरोबर आलं. येणारच होतं. उगवतीचे पाच पुसून त्या जागी मावळतीचे पाच बसले तर कोणाला कळणार? टापटिपीची सवय मला आयुष्यभर उपयोगी पडली. त्या दिवशी तिनेच मला फसवलं.

त्या शनिवारी आकडे घातले. उत्तर आलं १५.८०. मी चिठ्ठी लिहिली: पंधरापेक्षा जास्त, काम नेहमीप्रमाणे चालू ठेवावे.

सोमवारी सकाळी हमीदभाई पाण्याचा टँकर भरायला विहिरीवर आले. बोगद्यावर ड्रिलला आणि माणसांना लागणारं पाणी ते कॅम्पवरून न्यायचे, दिवसाला तीन फेऱ्या. त्यांनी येताना खाडे साहेबांची चिठ्ठी आणली होती. खाडे आमचे कनिष्ठ अभियंता, कॉलेजातून निघून दीड वर्ष झालेलं, हुशार आणि फार नम्र. त्यांनी लिहिलं होतं की मावळतीच्या बाजूचे बिरू आबा म्हणतात, पलीकडचं ड्रिल फार जवळ वाजतं. कृपया खात्री करावी.

बिरू आबा धनगर. भावाची मेंढरं डोंगरावर असायची, आबा मात्र बोगद्यावर ड्रिल धरायचे. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. मी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं: "खडकातून आवाज लांबवर जातो. मोजणीनुसार अंतर १५.८० मीटर. काळजीचे कारण नाही." खाली सही केली. हे लिहायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. पुन्हा हिशेब तपासावा, असं मनात आलं नाही. आबांच्या कानापुढे माझ्याकडे दोन दशांश होते.

दुपारी दीडच्या सुमाराला हमीदभाई दुसऱ्या फेरीला आले. फेरीच्या वहीवर माझी सही लागायची. सही करता करता मी विचारलं, आज लवकर आलात.

"काय करू बाई, उगवतीला पानी लई लागायलंय," ते म्हणाले. "दगड नरम लागला म्हने. मुकादम तर खूश हाय. रोज दीड-दीड मीटर सरकायलेत, पयले कुठं व्हायचं इतकं."

मी सही केली, वही परत दिली. ते दाराबाहेर गेले आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. दीड मीटर रोज. आठवड्याला सहा दिवस. म्हणजे एकटी उगवतीच नऊ मीटर सरकली. मागच्या शनिवारचं माझं उत्तर होतं १९.३०, या शनिवारचं १५.८०. यंत्राप्रमाणे दोन्ही बाजू मिळूनही फक्त साडेतीन.

मी हमीदभाईंना थांबायला सांगितलं आणि यंत्र उघडलं. आकडे पुन्हा घातले. १५.८०. चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, आकडे पुन्हा घातले. १५.८०. तिसऱ्यांदा. १५.८०. उत्तर पक्कं होतं, दरवेळी तेच. त्या तीन वेळांत वीस मिनिटं गेली. नंतर कितीतरी वर्षं ती वीस मिनिटं मला आठवत राहिली.

मग मी कागद घेतला. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या खुंट्यांमध्ये वीस मीटर. उगवतीच्या खुंटीपासून खडक पुढे गेलेला १२.६०. मावळतीच्या खुंटीपासून २.१०. विसातून दोन्ही वजा केले तर ५.३०. उन्हाने टेप कितीही लांबू दे, त्याने काही दहा मीटर इकडचे तिकडे होत नाहीत. आणि यंत्राचं १५.८० कुठून आलं? विसातून २.१० दोनदा वजा केले तर १५.८०. उगवतीच्या जागी मावळतीच बसली होती. दोन्ही कार्डं पाकिटांतून काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर सात नंबर होता.

उगवतीचा सुरुंग रोज तीन वाजता उडायचा. रविवारची सुट्टी असल्यामुळे शनिवारनंतरचा हा पहिलाच सुरुंग. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मावळतीच्या आत त्या वेळी आठ माणसं ड्रिल मारत असणार, कारण मी लिहून दिलं होतं.

जीप साहेबांबरोबर बीडला गेली होती. मी यंत्र, कार्डं, चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या आणि टँकरमध्ये हमीदभाईंच्या शेजारी जाऊन बसले. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी गाडी सुरू केली.

भरलेला टँकर त्या रस्त्याने चढाला पायी चालणाऱ्या माणसाएवढा जायचा. पहिल्या चढाला गाडी कण्हायला लागली. दोन वाजून वीस. हमीदभाईंनी गाडी थांबवली, उतरले, मागे गेले आणि पाण्याचा कॉक पूर्ण उघडला. समोर वस्ती होती. पाणी रस्त्यावर लोटलेलं बघून बायका घागरी, कळश्या, मिळेल ते घेऊन धावत आल्या. एका म्हातारीने विचारलं, "कावून सांडायलास रे, येडा झालास का?" हमीदभाई म्हणाले, "घे की मावशी, भरून घे." आणि कॉक तसाच उघडा ठेवून गाडी हाकली. बायका काही अंतर टँकरमागे पळत होत्या. त्या भागात उन्हाळ्यात पाणी सांडताना मी फक्त त्या दिवशी पाहिलं.

हलका झालेला टँकर उड्या मारत निघाला. मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. पुढे फाटा होता. उजवीकडे उगवती, चार किलोमीटर. डावीकडे डोंगराला वळसा घालून मावळती, नऊ किलोमीटर. माणसं मावळतीला होती, वात उगवतीला. हमीदभाईंनी वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उजवीकडे म्हटलं. मावळतीला पोचेपर्यंत तीन वाजून गेले असते.

तिथे भोंग्याची पद्धत होती. पहिला भोंगा म्हणजे सगळ्यांनी बाहेर या. दुसरा म्हणजे वात पेटवतो आहे. पहिला भोंगा आम्हाला शेवटच्या वळणावर ऐकू आला. आम्ही पोचलो तेव्हा उगवतीची माणसं बाहेर सावलीला बसलेली होती, तंबाखू मळणं चाललं होतं. वात पेटवणारा माणूस आत जायला निघाला होता आणि त्याच्याबरोबर उत्तमराव मुकादम. मी टँकरमधून उतरून सरळ बोगद्याच्या तोंडाकडे चालायला लागले. उत्तमरावांनी दोन्ही हात आडवे केले.

"बाई, तिथंच थांबा. बाईमाणसानं आत यायचं न्हाई."

बोगद्यात बाई गेली की डोंगर कोपतो, अशी त्यांची समजूत होती. दीड वर्षं मी त्या बोगद्याचा सेंटिमीटर सेंटिमीटर मोजत होते आणि आत कधी गेले नव्हते. मी थांबले. म्हटलं, मी आत येत नाही, पण तुम्हीही जाऊ नका. वात पेटवू नका. मावळतीची माणसं आत आहेत आणि मध्ये पंधरा मीटर खडक नाही.

खाडे साहेब धावत आले. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून सकाळची चिठ्ठी काढली.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच आहे ना?"

"माझंच आहे. चूक आहे ते."

"मी सकाळी आबांना हे वाचून दाखवलं. माणसं घाबरली होती, काम थांबवतो म्हणत होती. मशीनचा आकडा आहे म्हटल्यावर आत गेली." त्यांचा आवाज हलका झाला. "आता कांड्या भरलेल्या आहेत. भरलेला सुरुंग ठेवून वाट बघणंही धोक्याचं असतं. मला काहीतरी दाखवा. मशीनवर करून दाखवा."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. दोन तासांपूर्वी त्यांनी माझ्याशी वाद घातला असता तर मीही यंत्राचाच आकडा पुढे केला असता. मी पिशवीतून यंत्र काढलं. आकडे घातले, कळ दाबली. लाल आकडे उमटले: १५.८०. खाडे साहेबांनी पाहिलं, उत्तमरावांनी मागून डोकावून पाहिलं. वीस-पंचवीस माणसं आता उभी राहून आमच्याकडे बघत होती. मीच लिहिलेला प्रोग्रॅम सगळ्यांसमोर मला खोटं पाडत होता.

मी यंत्र पिशवीत टाकलं. कॉम्प्रेसरच्या पत्र्यावर धूळ बसलेली होती, तिथे बोटाने लिहायला लागले आणि उत्तमरावांना विचारलं, "मुकादम, तुमची शेवटची खुंटी आणि पलीकडची शेवटची खुंटी, मध्ये किती?"

"ईस मीटर. साहेबांनी सांगिटलेलं."

"तुमच्या खुंटीपासून खडक किती आत गेलाय?"

"साडेबारा. मीच धरला होता टेप शनवारी."

"मावळतीचा?"

खाडे साहेबांनी माझ्या पिशवीतली मावळतीची शनिवारची चिठ्ठी पाहिली. "दोन दहा."

"ईसातून साडेबारा गेलं," उत्तमराव बोटांवर मोजत म्हणाले, "राह्यलं साडेसात. त्यातून दोन गेलं." ते थांबले. मग खाडे साहेबांकडे वळले. "साहेब, पाच राह्यलं. पाचच. माझा भाऊ हाय तिकडं."

हा हिशेब तिथला कोणीही करू शकला असता. शनिवारीही करता आला असता. पण तो यंत्र करतं म्हटल्यावर कोणीच केला नाही, मीसुद्धा.

खाडे साहेबांनी वात पेटवणाऱ्याच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली. उत्तमरावांनी लाल निशाण उचललं, वहाणा काढल्या आणि डोंगर चढायला लागले. रस्त्याने वळसा तेरा किलोमीटर, डोंगरावरून पायवाट दीड. बोगदा जमिनीखालून जात होता, तीच वाट ते वरून पळत होते.

मग वाट बघणं. आम्ही सगळे तोंडापासून लांब झालो. भरलेला सुरुंग आत तसाच. तंबाखूसुद्धा कोणी काढली नाही. हमीदभाईंनी टँकरच्या तळाशी राहिलेलं पाणी तांब्यात काढून मला आणून दिलं. मी तांब्या हातात धरला आणि प्यायचं विसरले. मध्ये एकदा खाडे साहेब अगदी हळू म्हणाले, "मॅडम, तुम्ही आला नसतात तर मी दुसरा भोंगा दिला असता." मी म्हटलं, मी ती चिठ्ठी लिहिली नसती तर मला यावं लागलं नसतं.

पाऊण तासाने डोंगराच्या माथ्यावर लाल निशाण दिसलं. आधी ते नुसतं हललं, मग ठरल्याप्रमाणे तीनदा डावीकडे-उजवीकडे झालं. माणसं बाहेर आली होती. खाडे साहेबांनी तरीही एक माणूस वर पाठवला आणि आठही जणांना नावं घेऊन बाहेर मोजलं का, ते विचारून घेतलं. मग दुसरा भोंगा झाला. सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलली, तोंडातून धूळ आली. मला वाटलं, पाच मीटर खडक म्हणजेही पुष्कळ. कदाचित काहीच झालं नसतं, मी उगाच एवढा गोंधळ घातला.

धूर निघून गेल्यावर मावळतीच्या आत जाऊन आलेल्यांनी सांगितलं ते असं. खडक आरपार फुटला नव्हता. पण मध्ये नरम दगडाचा पट्टा होता, तोच पट्टा ज्यामुळे उगवती भराभर सरकत होती. हादऱ्याने मावळतीच्या बाजूने बैलगाडीएवढा पोपडा सुटून खाली आला होता. बाहेर येताना माणसांनी ड्रिल जिथल्या तिथे टाकलं होतं. त्याची फक्त नळी दगडाखालून दिसत होती.

त्या संध्याकाळी मी माझ्याविरुद्धचा अहवाल स्वतःच लिहिला. दोन पानं, दोन्ही कार्डांची नक्कल जोडून. साहेबांनी तो वाचला. पुढे लेखी ताकीद आली, ती योग्यच होती. सबरुटीन मी दुरुस्त केलं: सात नंबरच्या जागी नऊ. एवढीच दुरुस्ती, दोन ठिकाणचा एकेक आकडा. आणि दोन कार्डांचं एक कार्ड केलं. पुढच्या सगळ्या वर्षांत मी एकही प्रोग्रॅम सुटसुटीत आकड्यांवर तपासला नाही. एका बाजूला ३.१७ घातले की दुसऱ्या बाजूला ११.४२, एकमेकांच्या जागी बसले तर लगेच उघडं पडेल असे.

दुसऱ्या दिवशी मी मावळतीला गेले. बोगद्याच्या तोंडाशी बिरू आबा बसले होते. साठीच्या आसपासचे, सडपातळ, डोक्याला पांढरा फेटा, ड्रिलच्या हादऱ्याने हात जरा कापायचे. मी त्यांना सांगितलं, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

"ठाऊक हाय," आबा म्हणाले. "साहेबांनी वाचून दावली. म्या म्हनलं, कागदावर हाय म्हंजी आसंल. चाळीस वरसं मेंढरामागं फिरलो, घुंगराचा आवाज किती लांबून येतुय ते मला कळतंय. पर कागदापुढं काय बोलावं."

जवळ उत्तमरावांचा धाकटा भाऊ बसला होता. तो म्हणाला, आबा दोन दिवस सांगत होते आणि आम्हीच त्यांना हसत होतो, म्हातारपणी कान वाजायले म्हणून.

आबा उठले. "चला," मला म्हणाले. धाकटा भाऊ चुळबुळला, बाईमाणूस आत कसं, असं पुटपुटला. आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "काल बाई तोंडापाशी आली म्हनून तू हितं बसलायस," एवढं म्हणून ते आत चालायला लागले. मी त्यांच्या मागे. दोनशे सत्तर मीटर. आतला थंडावा, ओला दगड, माथ्यावरच्या खुंट्या. त्यांचे नंबर मला पाठ होते, पण मी त्या पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी पडलेला पोपडा होता आणि त्याच्या मागे उघडा पडलेला खडक. आबांनी मला कान लावायला सांगितलं.

मी डोक्यावरचा पदर बाजूला करून दगडाला कान टेकवला. पलीकडे पहारीचा आवाज येत होता. मग पहार थांबली आणि कोणीतरी खोकल्याचं ऐकू आलं. माणसाचं खोकणं, शेजारच्या खोलीतून यावं तसं.

"ऐकू आलं?"

मी हो म्हटलं.

"किती आसंल?"

साडेतीन-चार मीटर, असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्यांचाही अंदाज तेवढाच आहे.

मग आबांनी विचारलं, "ती चूक मशीनची व्हती का तुमची?"

"माझी. मशीनने मी सांगितलं तेच केलं."

त्यांनी मान हलवली. मी आता ते यंत्र या कामाला वापरणार नाही, असं सांगणार होते. तसं ठरवूनच आले होते. आबांनी बोलू दिलं नाही.

"मंग नीट करा ती," ते म्हणाले, "आन शनवारी आकडा धाडा. आमी आकडा बी बघू आन कान बी लावू. दोन्ही जुळलं तर आत जाऊ."

शनिवारी मी आकडा पाठवला. चिठ्ठीत खाली एक ओळ रिकामी सोडली होती: मावळतीला काय ऐकू येते. ती भरून परत आली, तेव्हाच मी सही केली.